रानाविषयीचा निर्णय : शास्त्राचे काम कोणते व ग्रामसभेचे कोणते

महाबळेश्वराच्या दक्षिणेस कोयनेचे खोरे लागते, व डोंगराच्या धारेने तसेच पुढे गेले असता वारणेच्या उगमापलीकडे चांदोलीपर्यंत रानच रान आहे. ह्या रानाच्या उत्तर भागास कोयना अभयारण्य म्हणतात व दक्षिण भागास चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० च्या जानेवारीत सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचे एकंदर क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर आहे. पैकी सुमारे ६०० आतले, ज्यास गाभा म्हणतात, आणि बाकीचे भोवतालचे, ज्यास बफर हे इंग्रजी नावच रूढ झाले आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी ह्या चार जिल्ह्यांच्या सीमा त्यात येऊन मिळतात.

पाटण, जावळी व शिराळा ह्या तालुक्यांतील वाचकांस हा विषय केवळ वाचनाचा नाही. गव्यांचा कळप एका रात्रीत भाताचे खाचर तुडवून जातो. ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिले सापडतात. आणि मधूनच पंचायतीच्या फळ्यावर एखादा कागद लागतो, ज्यात गावाचे नाव असते व अमुक दिवसांच्या आत हरकत कळवावी असे लिहिलेले असते. अशा वेळी दोन तऱ्हेचे बोलणे कानी पडते. कोणी म्हणतो, रानाचे ज्ञान तज्ज्ञांस. गावकऱ्यांस विचारीत बसल्यास वाघ राहावयाचा नाही. दुसरा म्हणतो, आमच्या सात पिढ्या येथे गेल्या. बाहेरच्या मनुष्याने झाडास यंत्र बांधून आम्हांस काय शिकवावे? मला ही दोन्ही म्हणणी सारखीच आळशी वाटतात. दोहोंतही दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे कष्ट वाचविलेले आहेत.

विचारास आरंभ करावयाचा तर आधी दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले पाहिजेत. रानात काय आहे, व अमुक केले असता काय होईल, हा एक प्रश्न. ते करावे किंवा करू नये, आणि केल्यास त्याचा भार कोणी उचलावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सभेत हात वर करून मिळत नाही. रानात किती वाघ आहेत हे बहुमताने ठरत नाही. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही यंत्रात उमटत नाही. घोटाळा बहुधा तेव्हा होतो, जेव्हा एका प्रश्नाचा जाणता दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आपणच देऊन टाकतो.

वाघांच्या गणतीचेच पाहू. पूर्वी ही गणती पावलांच्या ठशांवरून करीत. ठसा ओल्या मातीत एक दिसतो, कोरड्या धुळीत दुसरा; एकाच वाघाचे दोन वाघ होणे कठीण नसे. राजस्थानातील सरिस्का येथे २००४ पर्यंत कागदावर वाघ होते. २००५ च्या आरंभी शोध केला तो रानात एकही आढळला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते. त्यानंतर रीत बदलली. सांप्रत वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे बांधतात. जसे दोन मनुष्यांच्या बोटांचे ठसे एक नसतात, तसे दोन वाघांचे पट्टे एक नसतात, म्हणून चित्रावरून अमुक वाघ तोच की दुसरा हे सांगता येते. २००६ पासून दर चार वर्षांनी साऱ्या देशाचा असा अंदाज काढण्यात येतो. त्या वर्षी तो १४११ होता. २०२२ चा ३६८२ आहे.

आमच्या सह्याद्रीत प्रकल्प झाला तरी कित्येक वर्षे वस्तीस राहिलेला वाघ असा नव्हताच. लोक ह्याची थट्टा करीत, व थट्टा अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. मग २०२३ च्या डिसेंबरात चांदोलीत एका नर वाघाचे छायाचित्र मिळाले. पुढेही जे नोंदले गेले ते नरच. दक्षिणेस राधानगरीवरून कोकण व गोव्याच्या सीमेने कर्नाटकातील काळी नदीच्या रानापर्यंत वनाचा पट्टा आहे, त्या वाटेने नर दूरवर भटकत येतात. मादी आपल्या जन्मस्थानापासून फार लांब जात नाही. ह्या कारणास्तव २०२५ च्या नोव्हेंबरात विदर्भातील ताडोब्याहून एक वाघीण आणून येथे सोडण्यात आली. आता, नर आहेत, मादी नाही, आणि ती आपली आपण येण्याचा संभव थोडा, हे शास्त्राने सांगावयाचे. त्यावर ग्रामसभेने ठराव करण्याजोगे काही नाही. परंतु ह्या वाघिणीने वाडीवरची दुभती गाय मारली तर पंचनाम्यास कोण व किती तासांत येईल, भरपाई किती दिवसांत हाती पडेल, रात्री शाळेच्या वाटेवर दिवा असेल की नाही, हे ज्याने त्याने विचारलेच पाहिजे. तेथे तज्ज्ञाने मौन धरून ऐकावे.

हा भेद माझ्या कल्पनेतून आलेला नाही. देशाच्या कायद्यातच तो आहे, आणि आपल्या लोकांस तो ठाऊक नसतो म्हणून येथे थोडा विस्ताराने सांगतो. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. सरिस्क्याच्या प्रकारानंतर पंतप्रधानांनी सुनीता नारायण ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले. रानाभोवतीच्या लोकांस शत्रू करून वाघ राखता येणार नाही, हा त्या मंडळाच्या विचाराचा एक मुख्य भाग होता. पुढे २००६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्या ३८-व्ही ह्या कलमात असे आहे की, गाभा क्षेत्र शास्त्रीय व निःपक्षपाती कसोटीवर ठरवावे, मात्र तेथील आदिवासींच्या व इतर वननिवासी लोकांच्या हक्कांस बाध न आणता. आणि बफरची हद्द शास्त्रीय कसोटीवर, परंतु संबंधित ग्रामसभेशी व त्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञ समितीशी विचारविनिमय करून ठरवावी. दोन्ही वाक्यांत शास्त्र आहे आणि दोन्हींत मनुष्यही आहे.

गाव उठविण्याचा प्रश्न आला म्हणजे हे कलम आणखी बारकाईने बोलते. कोणासही आतून हलवावयाचे तर प्रथम त्याचे हक्क ठरवून मान्य झाले पाहिजेत. मग, त्याच्या राहण्याने जनावरांची अशी हानी होत आहे काय की जी पुढे भरून येणार नाही, हे पाहावे. आणि मनुष्य व जनावर एकत्र राहतील असा दुसरा काही वाजवी मार्ग आहे काय, हेही पाहावे. ही पाहणी करताना त्या मुलखाची माहिती असलेल्या जीवसृष्टीच्या व समाजाच्या अभ्यासकांचा सल्ला घ्यावा, आणि लोकांची संमती मिळवावी. नव्या जागी जमीन व सोयी तयार असाव्यात. शेवटी ग्रामसभेची व ज्यांस हलावयाचे त्या मनुष्यांची संमती पाहिजे, तीही सर्व समजून दिलेली. त्याच २००६ सालच्या वनहक्क कायद्यातही अशाच संमतीची अट आहे. कुटुंबामागे मिळणारी रक्कम केंद्राच्या योजनेत पूर्वी १० लाख रुपये होती, ती २०२१ साली १५ लाख झाली. वडिलांच्या द्राक्षमळ्याचा मोबदला नाकारणाऱ्या नाबोथाची गोष्ट आपण जाणतोच. रक्कम मोठी असली म्हणजे संमती झाली असे नाही. तसेच संमती देणारा शेजारी लोभी आहे, असेही कोणी समजू नये. ज्या वाडीस रस्ता नाही, दवाखाना नाही, आणि तरुण सारे मुंबईस गेले आहेत, तेथील मनुष्य खाली येऊ पाहतो, हे अगदी स्वाभाविक आहे.

आमच्या दोन जिल्ह्यांतील लोकांच्या मनात ह्या बाबतीत जो कडवटपणा आहे, त्याचे कारण हा कायदा येण्यापूर्वीच पुष्कळसे घडून गेले होते. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागराचे पाणी चढले तेव्हा काही गावे खाली पुनर्वसनास गेली, काही पाण्याच्या काठाने वर सरकली. १९८५ साली तोच काठ अभयारण्यात आला, आणि एकदा उठलेली माणसे पुन्हा नियमांत सापडली. चांदोलीसही १९८५ साली अभयारण्य व २००४ साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे वारणेच्या धरणाचे विस्थापित व उद्यानाचे विस्थापित अशी दोन दुःखे शेजारी शेजारी आहेत. त्यांच्या जमिनींसाठी व हक्कांसाठी श्रमिक मुक्ती दलाने डॉ. भारत पाटणकर ह्यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे चळवळ केली. ज्याने एकदा न विचारता घर सोडले, त्यास पुढे कितीही उत्तम शास्त्र सांगितले तरी तो प्रथम सांगणाऱ्याच्या हाताकडे पाहतो, तोंडाकडे नाही.

गावच्या माहितीचा तज्ज्ञांसही उपयोग होतो, ह्याचे उदाहरण साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरांवर कासच्या पठारावर आहे. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तीतून उगवणारी लाखो बारीक फुले. त्यांपैकी सीतेची आसवे ही मातीत पोषण थोडे म्हणून किडे धरून आपली उणीव भरून काढते. २०१२ साली पश्चिम घाटातील एकूण ३९ स्थळे जागतिक वारशात घेतली गेली. त्यांत महाराष्ट्रातील चार, म्हणजे कास, कोयना, चांदोली व राधानगरी. मग पाहणाऱ्यांची इतकी गर्दी लोटली की फुले तुडविली जाऊ लागली, आणि पठारास जाळीचे कुंपण घालण्यात आले. हेतू चांगला होता. परंतु कुंपणाने मनुष्यांबरोबर गुरेही अडली, आणि थोड्याच वर्षांत असे म्हणणे पुढे आले की चराई थांबल्याने गवत माजते व त्याच्या सावलीत लहान फुलांस जागा उरत नाही. स्थानिक लोक हे बोलत होते, व काही अभ्यासकांसही ते पटले. पुढे ते कुंपण काढून टाकण्यात आले. जो गुराखी त्या सड्यावर लहानपणापासून हिंडला त्यास गवत व फूल ह्यांचे भांडण ठाऊक असते. त्याने ते कोठे लिहून ठेवलेले नसते इतकेच. मात्र ह्यावरून बारमाही वाटेल तितकी गुरे सोडावीत असा अर्थ काढणे चूक होईल. किती गुरे, कोणते महिने, हे चौकोन आखून, वर्षानुवर्षे फुले मोजूनच कळेल, आणि ते मोजण्याचे काम अभ्यासकाचे.

आता उलट बाजूचे उदाहरण, कारण लोकमतही चुकते, आणि चुकते तेव्हा माणसे मरतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा मुलूख आपल्या कऱ्हाड-वाळव्यासारखाच उसाचा. तेथे २००१ च्या सुमारास बिबट्यांचा उपद्रव झाला तेव्हा लोकांची मागणी एकच होती : पकडा व दूर नेऊन सोडा. वनखात्याने पिंजरे लावून पुष्कळ बिबटे पकडले व इतर रानांत नेऊन सोडले. ह्या प्रकाराचा अभ्यास विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांस आढळले की, मनुष्यांवरील हल्ले पूर्वी वर्षास सरासरी ४ होते, ते बिबटे हलविण्याचे काम सुरू झाल्यावर १७ झाले. आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. कारण विचार केल्यास समजण्याजोगे आहे. पकडलेला बिबट्या पिंजऱ्यात बिथरतो. अनोळखी मुलखात सोडल्यावर आपल्या ठिकाणाकडे परतू पाहतो व वाटेत वस्त्या लागतात. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागी दुसरा येऊन बसतो. गावाने मागितले ते मिळाले, आणि मिळाल्याने गावाचेच नुकसान झाले.

ज्या आईचे मूल बिबट्याने नेले तिच्यापुढे हा हिशेब मांडू नये. जो बिबट्या खरोखर मनुष्यांस धोकादायक झाला आहे त्यास पकडण्याची, व ते न जमल्यास मारण्याचीही परवानगी देण्याची सोय कायद्यात आहे, आणि ती वेळेवर वापरली गेली पाहिजे. परंतु नुसता दिसलेला बिबट्या हलवा म्हणून रस्ता अडविण्यापूर्वी जुन्नरची गोष्ट सभेत कोणीतरी सांगावी. गोठ्यास पक्के दार, वाडीभोवती उकिरडा नाही म्हणजे कुत्री व डुकरे नाहीत, आणि संध्याकाळी मुले एकटी बाहेर नाहीत, ह्यांनी अधिक काम होते.

ह्या साऱ्याचे मोठे प्रदर्शन पश्चिम घाटाच्या दोन अहवालांत झाले. २०१० साली माधव गाडगीळ ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २०११ साली अहवाल दिला. तिने साऱ्या घाटाचे कमीअधिक नाजूकपणाप्रमाणे तीन वर्ग पाडले, परंतु शेवटच्या रेषा ग्रामसभांशी बोलून आखाव्या व अहवाल लोकांच्या भाषांत त्यांच्यापुढे ठेवावा असा आग्रह धरला. त्याऐवजी घडले असे की, अहवाल काही महिने सरकारी कपाटात राहिला, व गावोगावी त्याची ऐकीव भीती आधी पोहोचली : घर बांधता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत. पुढे कस्तुरीरंगन ह्यांची समिती झाली. तिने २०१३ साली उपग्रहाच्या चित्रांवरून रान व वस्ती-शेती वेगळी केली, आणि सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर व ४१५६ गावे नाजूक म्हणून दाखविली. उपग्रहाच्या चित्रात झाडी दिसते. ती झाडी काजूची बाग आहे की देवराई हे दिसत नाही, ते गावात येऊन विचारावे लागते. त्या आधारे केंद्राने २०१४ पासून मसुदे काढले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. दर मसुद्यास हरकतींसाठी ६० दिवस. कित्येक गावांत मसुदा लागल्याचे कळते तेव्हा त्यांतले बरेच दिवस सरलेले असतात, आणि ह्यास जनतेचे मत घेणे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

तरीही ते ६० दिवस खरे आहेत, आणि येथे आपल्या शिक्षक व उपदेशक बंधूंचे काम येते. वाडीत वाचता येणारा मनुष्य पुष्कळदा तेच असतात. कागद लागला की तो नकलून घ्यावा, व नुसता सारांश न सांगता सबंध वाचून दाखवावा. कारण सारांशात सांगणाऱ्याची भीती किंवा आशा मिसळते. गावाचे नाव कोणत्या यादीत आहे, गाभ्याच्या की बफरच्या, की पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक क्षेत्राच्या, हे प्रथम पाहावे, कारण तिन्हींचे नियम अगदी भिन्न आहेत आणि बाजारात तिन्ही एकच समजून भांडण चालते. खाणी व मोठे कारखाने ह्यांसाठी घातलेले बंधन पुष्कळ वेळा भाताच्या खाचरावरचे बंधन म्हणून सांगितले जाते. ते सांगणाऱ्याचा खाणीशी काही संबंध आहे काय, हेही पाहून घ्यावे.

हरकत लिहावयाची तर 'आमचा विरोध आहे' एवढ्याने काही होत नाही. कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात, किती गव्यांनी किती भात खाल्ला. कोणता पाणवठा आटल्यापासून जनावरे खाली येऊ लागली. कोणत्या वाटेने गुरे जातात व कोठे रानकुत्र्यांची बीळे आहेत : असे लिहिलेले अभ्यासकास नाकारता येत नाही, उलट त्याच्या उपयोगी पडते. ह्यासाठी एक साधी वही वर्षभर ठेवावी. आणि गावाने असा दावा केला की अमुक झाल्याने तमुक झाले, तर तोही तपासू द्यावा. ज्या कसोटीवर आपण तज्ज्ञाचे म्हणणे घासून पाहतो, त्याच कसोटीस आपले म्हणणे लागल्यास राग येण्याचे कारण नाही.

आणखी एक अडचण आहे, जी पुढारी मंडळी बोलत नाहीत. ग्रामसभा म्हणजे सारा गाव असे प्रत्यक्षात क्वचितच असते. डोंगरावरच्या गवळी-धनगरांच्या वाड्यांतील लोक दुपारच्या सभेस खाली येईपर्यंत ठराव झालेला असतो. मुंबईस असलेले पुत्र मते सांगून पाठवितात, पण रानातून जळण आणणारी सून, जिला गवा कोठे उभा राहतो हे सर्वांहून अधिक ठाऊक, ती मागे बसते. हॉटेलासाठी जमीन विकण्याच्या विचारात असलेला मनुष्य मोठ्याने बोलतो व त्याचे मत लोकमत म्हणून लिहिले जाते. तेव्हा वाड्यांत सभेची दवंडी आधी पोहोचली काय हे पाहावे, लागल्यास सभा वाडीवरच घ्यावी, आणि स्त्रियांचे म्हणणे आधी निराळे ऐकून मग सभेत मांडावे. वनखात्याचा अधिकारी आला असल्यास त्यास नकाशा भिंतीवर लावून मराठीत समजावून देण्यास नम्रपणे सांगावे. आणि हक्कांचे दावे निकालात निघाले काय, दुसरा मार्ग पाहिला काय, सल्ला कोणाचा घेतला व तो लेखी आहे काय, हे प्रश्न त्यास तेथेच विचारावे. उत्तर न मिळाल्यास 'उत्तर मिळाले नाही' असे इतिवृत्तात लिहवून घ्यावे. कोऱ्या कागदावर हजेरीची सही कोणीही करू नये. ठराव वाचून दाखविल्यावर मगच सह्या घ्याव्यात, पोच घेऊन तो मुदतीच्या आत पाठवावा, आणि शिक्क्याची एक प्रत गावातच, कोणाच्या तरी पेटीत, जपून राहू द्यावी. पुढल्या वर्षी अधिकारी बदललेला असेल व त्याच्या दप्तरात ती बहुधा सापडावयाची नाही.